न टोचलेला कान

तुमचा कान पाळी सोडून वरचा सगळा लालबुंद झाला असेल, उशीला नुसता टेकला तरी जीव जात असेल, तर एक गोष्ट करू नका. सोनाराशी भांडायला जाऊ नका. आम्ही गेलो होतो. म्हणजे विलास, माझा नवरा, गेला होता. मी घरी कानाला बर्फाचा रुमाल लावून बसले होते आणि काय काय बोलायचं ते त्याला फोनवर सांगत होते.

माझा आजार फार कुणाला होत नाही. त्यामुळे तो कुणाला माहीत नसतो, आणि माहीत नसल्यामुळे अंगात बराच धुडगूस घालून झाल्यावरच सापडतो. म्हणून हे लिहितेय. दुसरं कारण म्हणजे आता मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. हे मी स्वतःबद्दल म्हणतेय यावर आमच्या बिल्डिंगमध्ये अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

कारण माझा आवाज ही घाटकोपरच्या आमच्या अख्ख्या गल्लीची डोकेदुखी होती. तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला हाक मारली की तो शेजारच्या बायकांना सांगायचा, ‘मॅडम उठल्या.’ नोकरी वीजबिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर. तिथे दिवसभर लोक माझ्यावर ओरडायचे आणि मी त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीत. रविवारी सकाळी विहारात वंदना मी घ्यायचे. एक ओळ मी म्हणायची, सगळ्यांनी माझ्यामागून म्हणायची. माइक लागायचा नाही. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्या रांगेत मांडी घालून बसायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. सगळी वंदना त्यांनी माझ्यामागून म्हणून म्हणूनच पाठ केलेली. ‘बाकी कुणाचं मला कळत नाय, सुनंदाचं कळतं,’ असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

*

आमच्या प्राचीचं लग्न ठरलं आणि आईंनी बुगडीचा विषय काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बुगडी कानाच्या वरच्या कडेला घालतात, पाळीत नाही. आईंच्या दोन्ही कानांत लग्नापासूनच्या बुगड्या होत्या. त्यांच्या सासूने दिलेल्या.

‘लेकीच्या लग्नात आईचे कान असे भुंडे? लोक काय म्हणतील?’

‘लोक जेवायला येतात आई, कान बघायला नाही.’

‘तुला काय कळतंय. माझ्या सासूनं मला दिली, मी तुला देणार. गप टोचून घे.’

असं म्हणून त्यांनी मोरीत जाऊन साबण लावून स्वतःच्या बुगड्या काढल्या. इतक्या वर्षांत त्या कधी निघाल्या नव्हत्या, त्यामुळे कान सोलवटले. मग मी काय नाही म्हणणार? सोनार म्हणाला, दोन्ही एकदम नको, एका कुशीवर झोपता आलं पाहिजे, आधी डावा करू, तो बरा झाला की उजवा. मलाही ते पटलं. डाव्या कानात बुगडी घालून घरी आले तेव्हा आईंनी माझी अलाबला घेतली आणि वर शेजारणीला बोलावून दाखवली.

काही दिवसांनी कान दुखायला लागला. मग लाल झाला, मग जांभळा, मग इतका सुजला की बुगडी आत रुतली. ती काढताना मी जी बोंब ठोकली ती खालच्या मजल्यापर्यंत गेली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. भोक बुजलं तरी कान लालच. तेव्हा विलास सोनाराकडे गेला. गंजलेली सुई वापरली, बाईचा कान घालवला, असं चारचौघांत बोलला. सोनाराने हात जोडले. घरी आईंनी जेवण निम्म्यावर आणलं. भाकरीचा चतकोर घ्यायच्या आणि उठायच्या. ‘माझीच वस्तू वाईट निघाली,’ एवढंच एकदा म्हणाल्या.

आणि मग एका सकाळी प्राची मला म्हणाली, ‘मम्मी, हा कान कधीपासून लाल आहे गं?’

मी आरशात बघितलं. उजवा कान. जो अजून टोचलाच नव्हता.

*

त्यानंतरचे महिने मी थोडक्यात उरकते, कारण ते आठवले तरी डोक्याला शॉट लागतो. कानाचा डॉक्टर, कातडीचा डॉक्टर, परत कानाचा. गुडघे धरले. एक डोळा लाल झाला. कुणी म्हणालं ॲलर्जी, कुणी म्हणालं पाळी जायचं वय झालंय. एका साहेबांनी तर विलासला बाजूला घेऊन विचारलं, मिसेस टेन्शन फार घेतात का? मी म्हटलं, घेत नाही, देते. शेवटी कुणीतरी पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात संधिवाताच्या ओपीडीत पाठवलं.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बाकावर माझ्या शेजारी एक बाई हाताची वाकडी बोटं पदराखाली लपवून बसली होती. आत डॉक्टर म्हणून एक मुलगी होती, प्राचीएवढीच. तिने माझे कान बघितले, मग पाळी चिमटीत धरून दाबली.

‘इथे दुखतं?’

‘नाही.’

‘इथे?’ तिने वरती बोट टेकवलं आणि मी खुर्चीतून उठलेच.

‘तुमच्याकडे मटण खातात ना?’ तिने विचारलं. मला वाटलं आता पथ्य सांगणार. ‘त्यात पांढरं कुरकुरं हाड असतं बघा, दाताखाली कटकन तुटतं?’

असतं की. आमच्याकडे रविवारी त्याच्यावरून भांडणं व्हायची.

‘ती कूर्चा. कानात वरती तीच असते, पाळीत नसते. म्हणून तुमची पाळी शांत आहे. नाकाच्या पुढच्या भागात तीच. बरगड्या छातीला जिथे जुळतात तिथे तीच. गुडघ्यात दोन हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून तीच. आणि इथे.’ तिने स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. ‘श्वासाची नळी उघडी राहावी म्हणून तिला कूर्चेच्या कड्या असतात. तुमच्या अंगातली जी ताकद रोगाशी लढायला असते, ती चुकून या कूर्चेवरच उठलीय.’

तिने आजाराचं नाव सांगितलं. रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस. विलासने ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं तरी त्याला जमलं नाही. मी विचारलं, हाड मोडलं तर जुळतं, तशी ही जुळेल ना? ती म्हणाली, जेवढी गेली तेवढी परत येत नाही, उरलेली वाचवायची. मला अजून त्या मुलीचं कौतुक वाटतं, कारण हे सांगताना तिने मान खाली घातली नाही.

उठताना मी विचारलं, ‘कान टोचल्यामुळे झालं का?’

‘नक्की सांगता येत नाही. कधीकधी कानाला इजा झाल्यावर सुरू झालेलं दिसतं. कदाचित नसता टोचला तरी झालंच असतं.’

रिक्षात बसल्यावर विलास आजाराचं ते नाव पुटपुटत राहिला. मी म्हटलं, ‘आईंना यातलं एक अक्षर कळता कामा नये. कळलं ना?’

घरी आल्या आल्या मी त्यांच्यासमोर बसले आणि उजवा कान पुढे केला. ‘हा बघा आई. हा कुठे टोचलाय? तरी लाल झाला ना? बुगडीचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.’ आईंनी बोटांनी माझा कान वरपासून खालपर्यंत चाचपला. भोक शोधत होत्या. नाही सापडलं. ‘हा तर टोचलाच नव्हता,’ त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

*

स्टेरॉइड सुरू झालं. कान उतरले, पण उतरताना आतला आकार घेऊन गेले, मऊ पडून दुमडले. तोंड सुजून भोपळा झालं. झोप उडाली. आधीच तापट, त्यात ही गोळी, म्हणजे घरच्यांची वाट लागली. एकदा मी कुकरची शिट्टी भिंतीवर फेकली. कशावरून ते आज आठवत नाही.

मग नाक दुखायला लागलं. दाब दिल्यासारखं, शेंड्यापासून वर. मी कुणाला सांगितलं नाही, कारण लग्न तोंडावर आलं होतं. एके दिवशी चष्मा घसरायला लागला. वाटलं सैल झाला, दुकानात जाऊन घट्ट करून आणला, तरी घसरे. दुकानातला माणूस माझ्याकडे बघत होता आणि बोलत नव्हता. घरी येऊन आरशात कडेने बघितलं तेव्हा कळलं, चष्मा ठीक आहे, नाकच मधून बसलंय. चष्म्याला टेकायला खालचा उंचवटाच उरला नव्हता.

मी संडासात जाऊन कडी लावून रडले. त्या दिवशी मला मरणाची भीती वाटली नाही, खोटं कशाला बोलू. भीती वाटली ती लग्नात फोटो काढतील त्याची.

विलास म्हणाला, लग्न पुढे ढकलू. प्राचीसुद्धा तेच म्हणाली. मीच ऐकलं नाही. आवाज थोडा बसला होता, जिना चढताना गळ्यात बारीक शिट्टी वाजत होती. मी म्हटलं, लग्नाची धावपळ, बसतोच. त्या मुलीने ओपीडीत गळ्यावर बोट ठेवलं होतं, ते मला आठवत होतं. चांगलं आठवत होतं. म्हणूनच मी गळ्याचा विषय काढत नव्हते. वाचणाऱ्यांनो, हे असं करू नका. आवाज बदलला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

हॉल विक्रोळीला होता. बौद्धाचार्य आमच्या ओळखीचे, त्यांनी आधीच कबूल केलं होतं की त्रिसरण-पंचशील आईने, म्हणजे मी घ्यायचं. प्राची आणि जावई पांढऱ्या कपड्यांत समोर उभे. सगळा हॉल हात जोडून उभा राहिला. पहिली ओळ मी म्हटली, घोगरी, पण म्हटली. सगळ्यांनी माझ्यामागून म्हटली. दुसऱ्या ओळीला मी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पुन्हा जोर लावला. हवा आणि ती शिट्टी, माइकमधून हॉलभर. एवढी माणसं हात जोडून वाट बघत होती आणि माझ्यामागून काय म्हणायचं ते कुणालाच कळत नव्हतं. बौद्धाचार्यांनी अलगद माइक घेतला आणि पुढची ओळ उचलली.

मी खाली बघितलं. आई पहिल्या रांगेत होत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या डाव्या कानाकडे बघत होत्या.

*

लग्नाचे पाहुणे अजून घरात होते तेव्हा माझा श्वास अडकला. स्वयंपाकघरात उभी होते, आत घेतलेली हवा आत जाईना. तोंड उघडं, ओढतेय, गळ्यातून कुत्रं केकाटल्यासारखा आवाज. विलासने मला जावयाच्या गाडीत घातलं. हॉस्पिटलात कुणीतरी त्याला सांगितलं, नळी आतून आवळली गेलीय, गळ्याला भोक पाडून श्वास सुरू करावा लागेल. विलासने विचारलं, ‘आवाज राहील?’ डॉक्टर म्हणाले, ‘आधी श्वास.’ हे त्याने मला पुष्कळ नंतर सांगितलं.

शुद्ध आली तेव्हा गळ्यात नळी होती. मी हाक मारली. मारली असं मला वाटलं. ओठ हलले, बाकी काही नाही. ज्यांना ही वेळ येणार आहे त्यांना खरं सांगते, भोक दुखत नाही तेवढं हे दुखतं.

वॉर्डात सकाळी लादी पुसायचा वास यायचा, मग चहा, मग नळीतला कफ मशीनने ओढायचे. त्या वेळी वाटतं की श्वासासकट सगळंच ओढून घेतायत. डोळ्यांतून पाणी यायचं, आणि सिस्टर म्हणायची, ‘झालं झालं, रडायचं नाही.’ मला तिला सांगायचं होतं की मी रडत नाहीये, पण कसं सांगणार. बेल बिघडलेली. कफ भरला की हाका मारायची सोय नाही. शेजारच्या खाटेवर मनोरीची एक कोळीण होती. पायाची जखम चिघळून आलेली, आवाज माझ्या जुन्या आवाजाच्या तोडीचा. तिने माझी तडफड बघितली आणि जेवणाचं स्टीलचं ताट माझ्या हातात दिलं.

‘तू ताट वाजव गो बाय. बोंब मी मारतंय.’

आणि मारायची. मी चमच्याने ताट बडवायचे की ही, ‘ए शिस्टर, हिचा जीव चाललाय, चाय नंतर पी!’ त्या वॉर्डात मला एकदाच हसू आलं, ते तिच्यामुळे. हसताना नळीतून फक्त फुसफुस झाली. एक दिवस तिला पायाच्या ऑपरेशनला नेलं. त्या खाटेवर ती परत आली नाही. कुठे हलवली की काय झालं, सिस्टर सांगेना आणि मला विचारता येईना. कफ भरला तेव्हा मी सवयीने ताट वाजवलं आणि शेजारी बघितलं.

विलास रोज यायचा. का कोण जाणे, माझ्याशी मोठ्याने बोलायचा, मी बहिरी झाल्यासारखा. मी मोबाइलवर टाइप करून दाखवायचे. एकदा त्याने मोसंबीऐवजी संत्री आणली, मी बघितलं आणि गप्प राहिले. तो एकदम चिडला. ‘अगं ओरड ना! एकदा तरी ओरड ना माझ्यावर!’ सगळा वॉर्ड बघायला लागला. मग तो खाटेच्या कडेला बसून ढसाढसा रडला आणि मी त्याच्या डोक्यावर हात फिरवत राहिले.

*

आता मी घरी आहे. नळी आहे. काढता येईल का, यावर डॉक्टर ‘बघू’ म्हणतात, आणि त्यांचा ‘बघू’ मला ओळखता येतो. औषधाने आजार दबलाय, गेलेला नाही. तो पुन्हा उठतो, नावातच तसं आहे म्हणे. ऑफिसने खिडकीवरून उठवून मागच्या खोलीत बसवलंय, तिथे बोलावं लागत नाही. विहारात आता वंदना दुसरी मुलगी घेते. मी मागे बसून ओठ हलवते. बरी घेते ती. मला तिचा राग येतो, आणि ती बिचारी माझ्या पाया पडते.

नळीच्या तोंडावर बोट दाबलं की थोडी हवा वर जाते आणि थोडा आवाज निघतो. खरखरीत, पुरुषासारखा. एक वाक्य बोललं की धाप लागते, दोन-चार झाली की खोकल्याची उबळ, मग तो दिवस संपला. म्हणून सगळ्यांशी मी टाइपच करते. आईंशी मात्र ते चालत नाही.

आणि आईंचं विसरणं सुरू झालंय. गॅस चालू ठेवतात, प्राची कॉलेजातून का आली नाही विचारतात. एक गोष्ट तेवढी विसरत नाहीत. रोज सकाळी चहा झाला की माझ्यासमोर येऊन बसतात, गळ्यातल्या नळीकडे बघतात आणि विचारतात, ‘सुनंदा, हे माझ्या बुगडीनं झालं का गं?’

प्राची माहेरी आली की म्हणते, ‘नाही गं आज्जी, सांगितलं ना.’

‘तू नको सांगूस. तिला सांगू दे.’

म्हणजे मला बोट दाबून बोलावं लागतं. माझ्या दिवसाच्या त्या चार वाक्यांतलं पहिलं तिथे जातं. रोज. आणि ते खरं आहे की नाही, मलाही माहीत नाही.

गेल्या आठवड्यात माझा दिवस वाईट होता. कफ दाटला होता, आरशात बघितलं होतं, बघायला नको होतं. आई येऊन बसल्या आणि विचारलं. माझ्या अंगात जो राग उठला तो मी कुणाला दाखवू? यांनी हट्ट केला नसता तर. गप टोचून घे, म्हणाल्या होत्या. मी मोबाइल उचलला आणि टाइप केलं, ‘हो. तुमच्या बुगडीनेच झालं.’ आणि त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला. जवळ नेला, लांब नेला. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून हसल्या. ‘काय लिवलंस? वाच की. तुझ्या तोंडून कळतंय मला.’

मी मोबाइल परत घेतला. एकेक अक्षर पुसलं. मग बोट नळीवर दाबलं.

‘नाही आई. बुगडीने नाही.’

आईंनी हात लांब करून माझा उजवा कान चाचपला, दुमडलेला, वरपासून खालपर्यंत. मी दम घेतला आणि उरलेलं म्हटलं.

‘हा तर टोचलाच नव्हता.’

‘हा तर टोचलाच नव्हता,’ त्या माझ्यामागून म्हणाल्या, आणि भाकरी खायला उठल्या.